शेळीमार्फत शिकलेली तेलुगू

अत्तम्मा, तुम्ही होता तोवर मी तुमच्याशी कधी सरळ बोललो नाही आणि तुम्हीही माझ्याशी बोलला नाहीत. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो, तुमच्या हातचं जेवलो, तुमच्या आजारपणात औषधं आणून उंबऱ्यावर ठेवली. पण सासूने जावयाकडे तोंड करून बोलायचं नाही ही तुमच्या घरची रीत, आणि ती तुम्ही शेवटपर्यंत पाळली. एकदा सोडून. त्या एका वेळेबद्दलच आज लिहायला बसलोय. म्हातारा झालो, नोकरीतून निवृत्त झालो, नात दहावीला गेली, तरी तुम्हाला थेट 'अत्तम्मा' अशी हाक मारायची म्हटली की कानाच्या पाळ्या गरम होतात. कागदावर मारतोय म्हणून जमतंय.

काल नदीपलीकडे गेलो होतो, मिरच्या आणायला. तुमच्या वेळी नाव होती, आता पूल झालाय; सिरोंच्याहून ऑटोत बसलं की चहा थंड व्हायच्या आत माणूस तेलंगणात. दुकानदाराने भाव सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अय्यो ना तल्ली, इंत रेटा?" अगं माझे आई, एवढा भाव? तो तरणा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने आतून बायकोला बोलावलं आणि तेलुगूत म्हणाला, ऐक, हे सर अगदी आपल्या आजीसारखं बोलतात. मी आणखी दोन वाक्यं बोललो, तर दोघं पोट धरून हसायला लागले. पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि हातवारे, हेल, चुकचुकणं सगळं गावातल्या म्हाताऱ्या बाईचं. कुठं शिकलात, त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्या अत्तम्माकडे. खरं तर शेळीकडे म्हणायला हवं होतं, पण ते भर दुकानात कसं समजावणार. त्याने मूठभर मिरच्या जास्त घातल्या. घरी येऊन नातीला हे सांगितलं. ती सुट्टीत चंद्रपूरहून आलीय. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही तेलुगूत बोलून राह्यले ना, का मले तुमच्या डोक्यावर पदर दिसते."

मी आलो तेव्हा मला तेलुगूतला एक शब्द येत नव्हता. वरोऱ्याचा मुलगा, कापसाच्या गाड्या बघत वाढलेला, डी.एड. करून मराठीचा मास्तर झालो आणि पहिलीच नेमणूक सिरोंच्याला. बसने दिवस जायचा. आलापल्ली सोडली की झाडं जवळ येतात आणि रस्ता कमी होतो. उतरलो तेव्हा बसस्टँडवर जो तो माझ्या डोक्यावरून बोलत होता. आपल्याच मुलखात आपण परदेशी झालो, असं मी आईला पोस्टकार्डावर कळवलं. मग ताप आला, ग्रामीण रुग्णालयात पडून राहिलो आणि तिथल्या ज्या नर्सबाईंनी सुई टोचली त्यांच्याशीच पुढे लग्न झालं. ती तुमची एकुलती एक लेक. तुमचे मालक कधीच गेलेले, तुम्हाला एकटं कसं ठेवायचं म्हणून आम्ही दोघं तुमच्या घरी राहायला आलो. वरोऱ्यात मित्रांनी मला घरजावई म्हणून यथेच्छ चिडवून घेतलं. मी मनावर घेतलं नाही, कारण तोवर तुमच्या हातची अंबाडीची पच्चडी, म्हणजे चटणी, खाल्ली होती.

पहिला दिवस मला लख्ख आठवतो. बायकोची दुपारची ड्यूटी. मी शाळेतून येतो, पडवीत बसतो. तुम्ही सैपाकघराच्या दारामागे. मला फक्त पदराचा काठ आणि बांगड्या दिसताहेत. खांबाजवळच्या खुंट्याला शेळी बांधलेली. तुम्ही खाकरता आणि लांबलचक काहीतरी बोलता, शेवटी 'मेका' असा शब्द. मी ताडकन उठून उभा राहतो. तुम्ही परत बोलता, जरा मोठ्याने. मी हात जोडतो. मग दारातून एक ताट उंबऱ्यावर सरकतं, आणि पलीकडून शेजारचे दर्जीचाचा कमरेएवढ्या भिंतीवरून ओरडतात, "सर, ते तुमच्याशी नाई बोलून राह्यली. शेळीले सांगते का जावयाले जेवाले बसव." रात्री बायकोने खुलासा केला. "अवो, आई तुमच्याशी कशी बोलंन? रीत हाय. मी घरी असली तर माह्या तोंडून सांगंन, मी नसली का शेळीच्या." मेका म्हणजे शेळी, हा माझा तेलुगूतला पहिला शब्द.

तुमची शेळी फार कामाची होती, अत्तम्मा. शेळे, जावयाला विचार गं, जेवले का म्हणून. शेळे, सांग त्यांना, दूध मांजर प्यालं, आज काळा चहा. शेळे, सदरा उसवलाय म्हणावं, काढून ठेवा. बायकोची ड्यूटी लागली की घरात आपण तिघंच, आणि त्यातली एक सगळा वेळ रवंथ करायची. दुभाषा नाही, पुस्तक नाही. तुम्ही बोलायचात, आणि बोलण्यापाठोपाठ उंबऱ्यावर एक वस्तू यायची: पाणी आलं की नीळ्ळू, मीठ आलं की उप्पू, भात आला की बुव्वा. मला समजलं नाही तर तुम्ही सोपं करून सांगत नव्हता. तेच वाक्य शेळीला पुन्हा सांगायचा, जरा रागावून, की एवढी कशी मंद तू. शेळी बिचारी माझ्या वाटची बोलणी खायची. मी बी.ए.ला भाषाशास्त्राचा पेपर दिला होता, पण असं शिकवणं कुठं वाचलं नव्हतं. पाऊस संपेपर्यंत मला सगळं कळायला लागलं. बोलायची हिंमत मात्र होत नव्हती.

ती झाली तुमचे मंचेरियालचे भाऊ आले तेव्हा. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, घरात सगळे त्यांना वचकून. म्हटलं, आज जावयाने दाखवून द्यावं. ते पायऱ्या चढत असतानाच मी पुढे झालो आणि तुमच्या तोंडून रोज ऐकलेलं जे काही येत होतं ते तुमच्याच सुरात बोललो: ये गं, इकडं बस, पाल्यात तोंड घालू नको. मामा एक पाय पायरीवर ठेवून थांबले. बायकोने कपाळाला हात लावला. दर्जीचाचांची मशीन बंद पडली. आणि मग मामा हसायला लागले ते इतके, की त्यांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. तुम्ही दारामागे पदर तोंडात धरला होता, मला खालून तुमचे थरथरणारे पाय दिसत होते. जरा वेळाने तुमचा आवाज आला. "शेळे, त्यांना सांग, ते शब्द तुझे आहेत. माणसांचे उद्यापासून शिकवते म्हणावं."

आणि खरोखर शिकवलेत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शेळीला सरपंच असल्यासारखं बोलवायला लागलात. बसा, घ्या, येता का, पाला आवडला का. मी तेच मामांसमोर बोललो तर मामा खूश. मला आजही हसू येतं, की माझ्यापायी त्या शेळीला आठवडाभर तरी मान मिळाला. मग एके दुपारी कूरा फार खारट झाली होती आणि मी धीर करून, ताटाकडे नाही, तुमच्या दाराकडे नाही, शेळीकडे बघत म्हणालो, "मेका, कूरालो उप्पू एक्कुवा." शेळे, भाजीत मीठ जास्त झालंय. सैपाकघरात डाव थांबला. मी मनात म्हटलं, गेलं, पहिल्याच वाक्याला सासूच्या सैपाकाला नाव ठेवलं. तेवढ्यात तुमचं उत्तर आलं. "शेळे, त्यांना सांग, एवढं बोलता येतंय तर आता उपाशी मरणार नाहीत. माझी काळजी मिटली." त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की खारट भाजी दोनदा मागून घेतली.

तिथून आपल्या गप्पा सुरू झाल्या. मी शेळीला वरोऱ्याच्या कापूस बाजाराचं वर्णन सांगायचो, तुम्ही शेळीला तुमच्या माहेरच्या मिरचीच्या शेतांचं. नावेत बसून लग्नाला आलेल्या नवरीची गोष्ट, म्हणजे तुमचीच, मी शेळीच्या तोंडून ऐकली. संक्रांतीला तुम्ही कापडावर तांदळाच्या पिठाची सकिनालु, म्हणजे तिकडची चकली, वळायला बसायचात, बोटांतून पिठाची दोरी गोल गोल सोडत. मी पडवीतून बघत विचारायचो, शेळे, दोरी तुटत कशी नाही? तर उत्तर, शेळे, मास्तर लोकांची तुटते म्हणावं, त्यांना घाई असते. दर्जीचाचा एकदा म्हणाले, "सर, तुमची सासू शेळीशी येवढी बोलते का माह्या मशीनचा आवाज दबून जाते." आणि शाळेत माझं भलं झालं ते वेगळंच. माझ्या वर्गातली पोरं घरी तेलुगू बोलणारी, मराठीत तोंड उघडायची नाहीत, मी विचारलं की मान खाली. मी वरोऱ्याहून माझा लहानपणचा, मुलांच्या तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल आणला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, माझ्याशी बोलू नका, बैलाशी बोला. आठवडाभरात एक पोरगी उठली आणि बैलाला म्हणाली, "बैलदादा, सरले सांग, मले तहान लागली." त्यानंतर तो वर्ग काही गप्प बसला नाही. बैल अजून शाळेच्या कपाटावर आहे, एक शिंग तुटलंय.

एवढं सगळं छान चाललं असताना माझ्या मनात एक खुटखुट होती, ती आज सांगतो. माझी आई वरोऱ्याहून आली होती, तेव्हापासूनची. तिला तेलुगू येत नव्हती, तुम्हाला मराठी नाही. तुम्ही दोघी लसूण सोलायला अंगणात बसलात आणि दुपारभर बोलत होतात. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघून तुमच्या भाषेत, ती तिच्या. मध्येच तिने तुमच्या गुडघ्यावर थाप मारली, तुम्ही तिच्या कानातले हातात घेऊन पाहिलेत. मी पडवीतून बघत होतो. संध्याकाळी आई म्हणते, "काऊन रे, तू म्हन्तोस तुई सासू बोलत नाई. माह्यासंग तर केव्हाची बोलून राह्यली." मी विचारलं, तुले काय समजलं? "समजाले काय लागते, बाई चांगली हाय." मला चक्क हेवा वाटला. भाषा मी शिकलो, आणि सरळ बोलणं तिच्या वाट्याला. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. तुम्ही एकदा, कोणाच्याही मार्फत नाही, माझ्याकडे बघून काहीतरी बोलावं. मीठ दे म्हणा, चालता हो म्हणा, काहीही.

मग बदली आली. लग्नाआधी मीच अर्ज केलेला, वरोऱ्याजवळ द्या म्हणून, आणि तो मंजूर झाला नेमका आमची लेक रांगायला लागली तेव्हा. बायको म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा. मी चला म्हनत नाई आन राहा म्हनत नाई. माही बदली मागता येते." शाळेत होय-नाही सोमवारी कळवायचं होतं. तुम्ही शेळीला सांगितलंत, त्यांना म्हणावं, जा. तिकडं रेल्वे आहे, मोठा दवाखाना आहे, पोरीला चांगली शाळा मिळेल, इथं काय ठेवलंय, नदी आणि मिरच्या. तुमचा आवाज नेहमीचाच होता, पण त्या दिवशी भात खाली लागला होता, आणि तुमचा भात मी त्याआधी कधी लागलेला पाहिला नव्हता. मी ताट बाजूला सारलं. काय सुचलं माहीत नाही, मी शेळीला म्हणालो, "शेळे, अत्तम्माला सांग, मला जायचं नाहीये. त्या राहा म्हणाल्या तर मी राहीन. पण तू सांगितलेलं मी ऐकणार नाही. त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे." ती रात्र गेली, दुसरा अख्खा दिवस गेला, तुम्ही शेळीशीसुद्धा बोलला नाहीत. मला वाटलं, हट्टापायी मी होतं तेही घालवलं.

सोमवारची सकाळ. बायको रात्रपाळीहून यायची आहे, लेक झोळीत झोपलीय. मी आंघोळ करून, शाळेचे कपडे घालून पडवीत बसलोय. तुम्ही पेजेचं भांडं घेऊन दारात येता, आणि नेहमीप्रमाणे खाकरून खांबाकडे बघता. खुंटा रिकामा आहे. दोरीसुद्धा नाही. तुम्ही रांजणाकडे बघता. झोळीकडे बघता. मग तुम्ही उंबरा ओलांडता, माझ्या मते पहिल्यांदाच मी बसलेलो असताना, पदर कपाळापर्यंत ओढता, त्याचं टोक दातात धरता, भांडं माझ्यासमोर खाली ठेवता आणि माझ्याकडे बघता. डोळे लाल. तुमच्या उजव्या भुवईवर एक बारीक तीळ होता, तो मला त्या दिवशी दिसला. "इक्कडने उंडू, बिड्डा," दातातला पदर सोडून तुम्ही म्हणालात. इथंच राहा, लेकरा. आणि इतकी तेलुगू शिकलेला मी, मिशीवाल्या मामांना हसवणारा, सगळं विसरलो. मी रिकाम्या खुंट्याकडे बघितलं आणि खुंट्यालाच म्हणालो, "सरे." ठीक आहे. तुम्ही आत गेलात. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग मीही हसलो. लेक जागी होऊन रडायला लागली तरी आपण दोघं आपापल्या जागी हसतच होतो.

त्याच संध्याकाळी शेळी परत खुंट्याला होती आणि तुम्ही तिला सांगत होता, त्यांना म्हणावं, येताना चिंच आणा. पुढे कधीही, अगदी शेवटच्या आजारातही, तुम्ही माझ्याशी सरळ बोलला नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एकदा मिळालं होतं, आणि ते पुरलं. मी सिरोंच्यातच निवृत्त झालो. तुमची लेक आता तुमच्यासारखीच पच्चडी करते, फक्त मिठाला तिचा हात जरा सढळ आहे, हे मी तिला सांगत नाही. परवा मामांच्या नातवाच्या लग्नात मला भाषण करायला लावलं आणि सगळ्या म्हाताऱ्या बायका माना डोलावत होत्या. त्यांना तुमचा आवाज ओळखू आला असावा. मला फार बरं वाटलं, अत्तम्मा. भाषा शिकलो म्हणून नाही. तुम्ही शिकवलीत म्हणून.

आता राहिलेलं सांगून टाकतो. त्या सोमवारी शेळी आपोआप सुटली नव्हती. उजाडायच्या आधी मी तिला दोरीसकट सोडून दर्जीचाचांच्या अंगणात नेऊन बांधली होती. चाचांनी दात घासता घासता विचारलं, "कायले आनली?" मी म्हटलं, सासूबाईंशी बोलायचंय. ते चूळ भरायला वळले. तुम्ही गेल्यावर, तेराव्याच्या जेवणानंतर, ते भिंतीपाशी उभे राहून मला म्हणाले, "सर, येक सांगू का? त्या दिवशी तुमी आत गेले आन तुमची सासू भिंतीपाशी आली. शेळी इथी हाय हे पाह्यलं. भिंतीवरून तिले पानी पाजलं, मले गप राह्याची खूण केली, आन मंग पेज घेऊन तुमच्याकडं आली." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. चार पावलांवर शेळी होती, हाक मारली असती तर आली असती, आणि तरी तुम्ही खांबाकडे, रांजणाकडे, झोळीकडे बघण्याचं सोंग केलंत.

हे खरं का, असं मला तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्ही असता तरी उत्तर शेळीलाच दिलं असतंत. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती आणि मला तेलुगू लिहिता येत नाही, तेव्हा हा कागद इथंच राहील. खांबाला आता त्या शेळीच्या वंशातली एक बांधलेली असते, करड्या कानांची. उद्या सकाळी पाणी दाखवताना तिला तुमच्या भाषेत सांगेन, की अत्तम्माला म्हणावं, तेव्हा तुझ्या खापरपणजीला मीच पळवलं होतं.